कोंडीभाऊ आणि मॅडमची नऊ झाडं

कोंडीभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी माझ्यादेखत झाडाचं पान चाटलं.

त्याआधी तीनदा विचारून घेतलं होतं. "ताई, औषध मारलंय का काय? खरं सांगा. काल? परवा? ह्या महिन्यात?" मी तिन्ही वेळा नाही म्हणाले. मग त्यांनी फांदीवरचं एक पान दोन बोटांत धरलं आणि वरच्या बाजूनं चक्क जीभ फिरवली. डोळे मिटून क्षणभर थांबले.

"गोड हाय," म्हणाले. "मावा. खालचं पान चिकट झालं, म्हंजे पावणं वरच्या पानाच्या पोटाला बसल्यात."

त्यांनी वरची फांदी वाकवून पान उलटं केलं. खाली हिरव्या, मोहरीएवढ्या किड्यांची दाटी होती. त्यांच्याकडे बघून हा सहा फूट उंच, वाळक्या अंगाचा माणूस म्हणाला, "काय पावणं, कधी आला?"

मी कृषी पदविका घेतलेली बाई. राजुरीत शेतकऱ्याच्या घरात वाढले, घोडेगावला दिली. मावा मला माहीत होता, पुस्तकातला आणि वांग्यावरचाही. पण कीड ओळखायला कुणी पान चाटतं, हे मी ना वर्गात ऐकलं होतं ना वावरात. मला शिसारी आली आणि भीतीही वाटली. हा माणूस नारायणगावात तीस वर्षं फवारणीच्या औषधांचं दुकान चालवत होता, असं मला सांगण्यात आलं होतं. विषाच्या दुकानात उभा राहिलेला माणूस झाडाला जीभ लावतो, याचा मला मेळच लागेना.

ती झाडं होती जपानी मेपलची. हे झाड आपल्याकडचं नाहीच. डिंभ्याच्या धरणाच्या वर, आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, पुण्यातल्या एका डॉक्टर जोडप्यानं घर बांधलं होतं. दोघंही डोळ्यांचे डॉक्टर. साहेबांना झाडांचा नाद. हिमाचलातल्या एका नर्सरीतून त्यांनी बोटाएवढी रोपं आणली, सहा वर्षं कुंड्यांत वाढवली आणि मग घरामागच्या उतारावर शेडनेटखाली जमिनीत लावली. नऊ झाडं. हाताच्या पंजासारखं बारीक कापलेलं पान, कोवळं असताना लालभडक. सगळे म्हणायचे, आपल्या उन्हात आणि आपल्या पावसात हे टिकायचं नाही. साहेबांनी टिकवलं. मग एका उन्हाळ्यात साहेबच गेले. वृंदा मॅडम पुण्याचा फ्लॅट बंद करून कायमच्या वर राहायला आल्या आणि बागेसाठी त्यांनी मला कामावर घेतलं. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, "बाकी काही गेलं तरी चालेल. ही नऊ जाता कामा नयेत."

म्हणून मावा दिसल्यावर मी माहेरच्या ओळखीतून कोंडीभाऊंना बोलावलं.

ते नारायणगावहून एसटीनं मंचर, मंचरहून घोडेगाव आणि पुढे जीपनं आले. अंगात दोन खिशांचा पांढरा सदरा. एका खिशात भिंग, दुसऱ्यात होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या, किडे घालून न्यायला. खांद्याला पिशवी. त्या पिशवीतून त्यांनी तीन जुने टूथब्रश काढले तेव्हा मॅडम बाजूलाच उभ्या होत्या.

"हा माझा, ह्यो बायकोचा, ह्यो धाकट्याचा," कोंडीभाऊंनी ओळख करून दिली. "खवल्या कीड फांदीला चिकटली ना मॅडम, की तिला औषध लागत न्हाई. पाठीवर ढाल असतीया तिच्या. घासून काढायची. बायकोचा ब्रश मऊ हाय, कवळ्या फांदीला त्योच चालतो."

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता ह्यांना हाकलतात. पण त्या हसत होत्या. कामावर लागल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

माव्यावर त्यांनी काय इलाज सांगितला? पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या पोटाला. तीन सकाळी. मुंग्या चढू नयेत म्हणून बुंध्याला चिकटपट्टी. बस. मला तर फसवल्यासारखं झालं. मी म्हटलं, "भाऊ, निदान निंबोळी अर्क तरी?"

"लागला तर मारू. आधी तुमची माणसं कामाला लागू द्या."

"कुठली माणसं?"

त्यांनी फांदीच्या बेचक्यात बोट दाखवलं. तिथं काळपट, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी दिसणारी खरबरीत अळी बसली होती. मला हसू आलं, कारण त्या अळ्यांचा बंदोबस्त मी आधीच केला होता. मी अभिमानानं सांगितलं, "ह्या मी आठवडाभर वेचून चिरडल्यात. शे-दीडशे असतील."

कोंडीभाऊ खाली झाडाच्या आळ्याच्या कडेला बसले. मग हळू म्हणाले, "ताई, लाल पाठीचा, काळ्या टिपक्याचा ढालकिडा बघितलाय का? पोरं हातावर घेत्यात त्यो? ही त्याची लेकरं. एकेक लेकरू दिसाला वीस-पंचवीस मावा खातं."

माझा हात आपोआप साडीला पुसला गेला. तीन वर्षं शिकून मी मोठा किडा ओळखत होते, त्याचं पिल्लू नाही. जे मला वाचवायला आले होते, त्यांनाच मी आठवडाभर एकेक करून मारलं होतं, आणि मारून झाल्यावर चहा प्यायले होते.

"वाईट वाटून घिऊ नका, कुनालाबी व्हतं," ते म्हणाले. "दिसायला वंगाळ हाय ना ती. आपन त्वांड बघून मारतो."

पुढं दोन वर्षं ते महिन्यातून एकदा यायचे. फोनवर फोटो पाठवलेला त्यांना चालायचा नाही. "फोटुतला किडा हलत न्हाई," म्हणायचे. "हालल्याबिगर मला कसं कळनार, जिता हाय का मेला, खातोय का नुसता बसलाय." उन्हाळ्यात पानं फिकट पडायला लागली की पांढरा कागद फांदीखाली धरून टिचकी मारायचे. कागदावर पडलेल्या धुळीतले काही कण चालायला लागायचे. मग अंगठ्यानं कागद पुसायचे. लाल रेघ उठली की लाल कोळी. रेघ उठली नाही की म्हणायचे, "ह्यो नुसता उन्हाचा ताप. सावली वाढवा, किडीला बदनाम करू नका." आहुप्याचे दोन कामगार, दुंदा आणि त्याची बायको चिमाबाई, सुरुवातीला त्यांना वेडा म्हणायचे. नंतर तेही कागद धरून टिचक्या मारू लागले.

त्यांच्या उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत पांढरी होती. कोड असावं असं मी समजत होते. एकदा फणसाच्या सावलीत जेवायला बसलो असताना चिमाबाईनं विचारलं, "भाऊ, ह्ये जन्माचं हाय व्हय?"

"न्हाई, दुकानाचं हाय," कोंडीभाऊ म्हणाले.

आणि भाकरी मोडता मोडता त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझा घास तोंडातच राहिला. दुकान जोरात होतं तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, औषध लई कडक हाय का, पोरंबाळं असत्यात वावरात. मग कोंडीभाऊ बादलीत औषध कालवायचे आणि सगळ्यांसमोर मनगटापर्यंत हात बुडवायचे. "बघा, काय होतंय का मला?" गिऱ्हाईक खूश. असं दिवसातून दोनदा, तीनदा. वर्षानुवर्षं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कंपनीच्या मानसानं शिकिवलं व्हतं. त्यानं सोताचा हात बुडिवला न्हाई, त्ये माझ्या ध्यानात आलं न्हाई. आमाला वाटायचं, काय व्हतंय. मला बघून लोकांनी बुडिवलं. त्याचं काय करायचं?"

दुकान त्यांनी बंद कसं केलं, ते त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. मी एकदा नारायणगावला त्यांच्या घरी गेले होते. चुलत्याच्या तेराव्याहून त्या परत आल्या, दार उघडलं, तर घरभर गॅसचा वास कोंडलेला. आणि कोंडीभाऊ स्वयंपाकघरात शेगडीसमोर उभे, हातात काडेपेटी. चहा करायचा होता. पावसाळ्याचे दिवस, काडी सर्दावलेली. एक घासली, नाही पेटली. दुसरी घासली, नाही पेटली. तिसरी हातात होती.

"मी वरडले, वास येत न्हाई का तुमाला? तर म्हनत्यात, कसला वास?" काकू सांगत होत्या. "तवा कळलं. कवा गेला त्यान्लाच ठाव न्हाई. नाकच मेलं व्हतं."

त्याचं कारण दुकानच होतं असं कुणा डॉक्टरनं लिहून दिलं नाही. कोंडीभाऊंनी ते स्वतःच ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, उरलेला माल कंपनीला परत केला आणि भिंग घेऊन लोकांच्या बागेत हिंडायला लागले. तेव्हा कुठं मला कळलं, ते मला सारखं का म्हणतात, "ताई, जरा मातीचा वास घ्या, आंबूस हाय का सांगा." मला वाटायचं, ते माझी परीक्षा घेतायत.

असा हा माणूस. त्याच्या हातून चूक होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणूनच त्या श्रावणात जे घडलं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

त्या वर्षी पाऊस नुसता कोसळला. उतारावरचं आच्छादन, म्हणजे झाडाच्या बुडाशी घातलेला पालापाचोळ्याचा थर, वाहून जायला लागला. कोंडीभाऊंनीच जूनमध्ये उपाय केला होता. त्यांच्या भावानं आळे गावाजवळची जुनी डाळिंबाची बाग उपटली होती. त्या बागेतली जाडजूड खोडं त्यांनी टेम्पोनं आणवली आणि प्रत्येक झाडाभोवती गोल रचून दिली. पाचोळा जागच्या जागी राहिला. मॅडमना ती रचना इतकी आवडली की त्यांनी फोटो काढले.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मला तीन नंबरच्या झाडाच्या बुंध्यावर पांढरे दोरे दिसले. उदबत्ती जळून राख तशीच उभी राहावी, तसे. करंगळीच्या पेराएवढे, आडवे, खोडातून बाहेर आलेले. हात लावला तर भुगा होऊन गळून पडले. मला वाटलं बुरशी असेल. चार दिवसांनी पाच नंबरला तसेच दोरे. वरची पानं कोमेजून फांदीलाच लटकलेली. मी फोन केला.

कोंडीभाऊ दुसऱ्या दिवशी पावसात आले. दोरे बघितले आणि नेहमीसारखं "काय पावणं" म्हणाले नाहीत. भिंग लावलं. भुगा झटकला. खाली टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक होतं, जणू कुणी गिरमिटानं पाडलेलं. त्यांनी एक फांदी कापून उभी चिरली. आत काळे बोगदे, आणि बोगद्यात तिळापेक्षा बारीक, तपकिरी भुंगेरा.

"ह्यो लाकूड खात न्हाई, ताई," ते म्हणाले. "आत बुरशी पेरतो. शेती करतो. त्याची लेकरं ती बुरशी खात्यात आन् झाड मरतं. डाळिंबाला येतो ह्यो. मुळाशी पानी तुंबलं, झाड आजारी पडलं, की त्याला बरूबर लांबनं कळतं."

"औषध?" मॅडम छत्री घेऊन मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "कोंडीभाऊ, तुम्ही औषधं वापरत नाही हे मला माहीत आहे. पण आता सांगा. कुठलंही सांगा."

"आत शिरल्यावर औषध पोचत न्हाई मॅडम. पोचलं असतं तर म्या आज हातानं मारलं असतं."

मीच विचारलं. मला वाटतं मी विचारलं नसतं तरी ते तिथवर पोचलेच असते. मी म्हटलं, "भाऊ, पण इथं डाळिंब कुठंय? दहा कोसांत बाग नाही. आला कुठून हा?"

कोंडीभाऊंनी मान वर केली नाही. ते झाडाच्या बुडाशी रचलेल्या ओंडक्यांकडे बघत होते. मग त्यांनी एक ओंडका उचलला, उलटा केला, भिंग लावलं. खाली ठेवला. दुसरा उचलला. तिसरा. गुडघ्यांवर चिखलातून सरकत ते एकेका झाडाभोवती फिरले. नऊच्या नऊ. पाऊस चालू होता, दुंदानं त्यांच्यावर इरलं धरलं तर त्यांनी ते बाजूला सारलं. मी आणि मॅडम नुसत्या उभ्या.

शेवटच्या झाडापाशी ते उठले. सदरा छातीपर्यंत चिखलानं भरला होता. ते मॅडमसमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, ही कीड म्या आनली."

"म्हणजे?"

"ह्या खोडांतनं आली. भोकं हायती सगळ्याला. भाऊ म्हनला, बाग तेल्यानं गेली, डाग पडून. तेल्या फळाला येतो, पानाला येतो, खोडात भुंगा नसतो. म्या त्याच्या शब्दावर खोडं टेम्पोत घातली. भिंग खिशात व्हतं. काढलं न्हाई."

मला आठवतंय, माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की हे ह्यांनी सांगितलं कशाला? मॅडमना कळलं नसतं. मलाही कळलं नसतं. पावसानं गेली म्हणाले असते तर आम्ही पावसाला शिव्या घातल्या असत्या. मी स्वतः त्यांच्या जागी असते तर गप्प बसले असते, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि त्याचाच मला सगळ्यांत मोठा धक्का बसला.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही जा इथून."

"जातो," कोंडीभाऊ म्हणाले. "पर जाळून जातो. आज जाळली न्हाईत तर उरलेली ऱ्हानार न्हाईत. मग खाली दुंदाचे आंबे हायती. जाळल्यावर मला हाकला."

"कोणती जाळणार?"

"पाच. तीन, चार, पाच, सात..." ते अडखळले. "आन् पहिलं."

पहिलं झाड साहेबांचं लाडकं. सगळ्यांत जुनं, सगळ्यांत डौलदार. त्याच्यावर एकही दोरा दिसत नव्हता, पानंही ताजी होती. मॅडम पहिल्यांदाच चढ्या आवाजात म्हणाल्या, "त्याला काही झालेलं नाही! मला दिसत नाही का?"

कोंडीभाऊंनी खिशातून भिंग काढलं, सदऱ्याच्या आतल्या कोरड्या बाजूला पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. "पावसानं भुगा धुतला. बुडापासनं एका वितीवर बघा. उत्तर अंगाला."

चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासलेली ती बाई छत्री टाकून खाली बसली. भिंग डोळ्याला लावून खोडाकडे बघत राहिली. इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं त्या रडतायत. त्या रडत नव्हत्या. तपासत होत्या.

"चार आहेत," त्या म्हणाल्या. "नाही. पाच." मग उठल्या, भिंग परत दिलं. "कापा." आणि घरात गेल्या.

करवत कोंडीभाऊंनी स्वतः चालवली. दुंदा म्हणाला, भाऊ, मी करतो, तर त्यांनी मान हलवली. पाचही झाडं मुळापासून कापली, डाळिंबाचा एकेक ओंडका गोळा केला आणि रिकाम्या गोठ्याच्या पत्र्याखाली रचला. ओलं लाकूड पेटेना. डिझेल ओतलं, वाळल्या गोवऱ्या घातल्या. दुपारपर्यंत नुसता धूर, मग आग धरली. लाल कोवळ्या पानांचा शेंडा आगीत वळताना चिमाबाईनं पदर डोळ्याला लावला. मला धुराचा वास असह्य झाला म्हणून मी लांब गेले. कोंडीभाऊ धुरातच उभे होते, काठीनं निखारे आत लोटत.

पाऊस उघडला तसं आग चालू असतानाच त्यांनी मला बाजारात धाडलं आणि गेरू आणि एक औषध आणायला सांगितलं. औषधाचं नाव ऐकून मी दचकले. ज्या माणसानं विषाला हात लावायचा सोडला होता, त्यानं कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, आम्हा सगळ्यांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभं केलं आणि गेरूत औषध कालवून उरलेल्या चार झाडांच्या बुंध्याला लेप दिला.

"भाऊ, तुम्ही तर औषध..."

"म्या घाई सोडलीया, औषध न्हाई," ते फडक्याआडून म्हणाले. "भुंगा आजून भाईर हाय. आत शिरायच्या आधी भेटला तर मरतो. ह्ये त्याचं टायमिंग हाय."

मग उताराच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी वळवलं, मुळं मोकळी केली. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांना खिडक्या पाडून त्यात हात धुवायचं सॅनिटायझर ओतलं आणि चौफेर टांगल्या. भुंग्याला दारूसारखा वास लागतो, आजारी झाडाला तोच वास सुटतो, तो फसून बाटलीत पडेल. "रोज मोजा. सलग महिनाभर एक बी न्हाई पडला, तर समजा सुटलो." संध्याकाळी व्हरांड्याच्या पायरीपाशी जाऊन ते बंद दाराला म्हणाले, "मॅडम, येतो." आतून उत्तर आलं नाही. ते रस्त्याला लागले.

दोन महिने मी बाटल्या मोजल्या. पहिल्या आठवड्यात सतरा भुंगेरे पडले. मग चार. मग एक. मग बाटल्या रिकाम्याच. मी रोज फोन करून आकडा सांगायचे. ते "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. मॅडमबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही आणि मॅडमनीही त्यांचं नाव काढलं नाही. नारायणगावहून काकूंनी मात्र एकदा सांगितलं, त्यांनी भावाच्या शेजारच्या सगळ्या बागा पायी फिरून तपासल्या, कुणी खोडं नेली असतील त्यांची घरं शोधून काढली, आणि प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगितलं, जे मॅडमना सांगितलं होतं. काहींनी पाणी विचारलं, काहींनी अंगावर कुत्रं सोडलं.

थंडीत मेपलची पानं गळतात. चार काटक्या उभ्या होत्या. जिवंत आहेत की नाहीत ते नखानं साल खरवडून बघायचं धैर्य मला होत नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी मॅडमच मला हाका मारत मागच्या अंगणातून आल्या. चारही झाडांना लाल कोंब फुटले होते, बाळाच्या मुठीसारखे मिटलेले.

मॅडम म्हणाल्या, "त्यांना फोन लाव. म्हणावं, या."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या भेटीत. पुढच्याच महिन्यात ते झोपेत गेले. त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा मी बाटल्या धूत होते, आणि मला पहिल्यांदा काही समजलंच नाही, मी त्यांना म्हटलं, "हो, सांगते मॅडमना," आणि बाटली धूत राहिले.

पण त्या दिवशी ते आले. जीप खालच्या वळणावर थांबली, ते चढ चढून आले आणि गेटच्या बाहेरच उभे राहिले. मी गेट उघडलं तर दोन पावलं मागं सरले.

"आत येत न्हाई ताई. सकाळी आळ्याला एका डाळिंबाच्या बागेत जावं लागलं. तिथं ह्योच भुंगा. कापडं बदलायला वेळ गावला न्हाई, गाडी चुकली असती."

"मग भाऊ, एवढ्या लांब आलात कशाला? फोन करायचा, उद्या आला असता."

"मॅडमनी बोलावलं. आन् आज न्हाई आलो, तर त्यान्ला वाटलं असतं, राग धरला."

मागून मॅडमच्या चपलांचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या परत वळल्या, व्हरांड्यातल्या दोन खुर्च्या स्वतः उचलून आणल्या आणि गेटबाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला, धुळीत मांडल्या. मी चहा आणला. कोंडीभाऊ खुर्चीच्या टोकावर बसले, अंग चोरून, सदऱ्याचा स्पर्श कशाला होऊ नये असे. मॅडम त्यांना सांगत होत्या, कुठल्या झाडाला किती कोंब, कोणता आधी उघडला, रंग कसा आहे. एखाद्या पेशंटची हकीकत सांगावी तसं क्रमानं, काही न गाळता. ते मान खाली घालून ऐकत होते. मधेच एखादा प्रश्न विचारायचे. एकदाही त्यांनी मान उंचावून आत बघायचा प्रयत्न केला नाही.

खालून जीपचा हॉर्न वाजला. ते उठले, कप मला न देता कठड्यावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो उकळत्या पान्यानं धुवा."

"पावसाआधी एकदा या," मॅडम म्हणाल्या. "आत यायचं."

"येतो की," कोंडीभाऊ म्हणाले. "आंघूळ करून येतो."

आणि उतारावरून भराभरा, म्हाताऱ्या माणसाला न शोभेल अशा उड्या टाकत ते जीपकडे निघाले.